फटका जोरात नको, वेळेवर हवा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने टेनिसची रॅकेट हाती धरली, तर डॉक्टरला आनंदच व्हावा. धावणे, थांबणे, वळणे, वाकणे हे सारे या खेळात ओघाने येते. शिवाय सोबती लागतो, त्यामुळे व्यायामाचा कंटाळा येत नाही. कोपनहेगन येथे हजारो नागरिकांवर २५ वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान बैठ्या लोकांपेक्षा सुमारे ९.७ वर्षे अधिक आढळले. सारेच श्रेय खेळाला देता येणार नाही, कारण खेळणारी माणसे मुळातच सुस्थितीतील असू शकतात. तरीही खेळ सोडू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

मात्र सोडण्याची पाळी येते ती मधल्या टप्प्यावर. नवशिका जपून खेळतो, मुरलेला खेळाडू सहज खेळतो. मधला मात्र चार चेंडू बरे परतवू लागला की प्रत्येक चेंडू जोरात हाणू पाहतो. मग कोपर धरून दवाखान्यात येतो.

शहागंजातील माझ्या दवाखान्यात ‘टेनिस एल्बो’चे बहुतेक रुग्ण टेनिस खेळणारे नसतात. धुणे पिळणाऱ्या गृहिणी, गवंडी, सुतार यांनाही हाच विकार होतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी कोपराच्या बाहेरील हाडाला जोडलेली असते. तिच्यावर पुन्हा पुन्हा ताण पडला की ती दुखावते. टेनिसमध्ये हा ताण प्रामुख्याने उशिरा मारलेल्या बॅकहँडने पडतो. पाय वेळेवर हलले नाहीत, चेंडू अंगाशी आला, की माणूस सारा भार मनगटावर घेतो. म्हणजे चूक पायांची आणि शिक्षा कोपराला!

अशा वेळी ‘इंजेक्शन द्या आणि मोकळे करा’ असा आग्रह होतो. स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो, हे खरे. पण २००६ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात सुई घेतलेल्यांचे दुखणे पुढे अधिक प्रमाणात उलटले. त्यापेक्षा साधा व्यायाम बरा. तळहात खाली करून मनगट टेबलाच्या कडेबाहेर काढावे, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरावी, दुसऱ्या हाताने ती वर उचलून द्यावी आणि मग सावकाश खाली सोडावी. असे १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा, किमान सहा आठवडे करावे. दुखणे वाढल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे.

परंतु खरे औषध खेळातच आहे. समोरचा चेंडू मारतो त्या क्षणी जागच्या जागी हलकी उडी घ्यावी, खांदे लगेच वळवावेत आणि चेंडू शरीराच्या पुढे असतानाच मारावा. एका हाताचा बॅकहँड जड जात असेल तर दोन्ही हात वापरावेत.

यापुढचा भाग युक्तीचा. टेनिसची जाळी मध्यभागी ३ फूट, तर खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. एकेरीचे मैदान ७८ फूट लांब व २७ फूट रुंद. म्हणून चेंडू तिरका मारला तर तो जाळीच्या सखल भागावरून जातो आणि त्याला सुमारे साडेचार फूट जास्त जागा मिळते. जाळीच्या दोन-तीन फूट वरून, तिरका आणि खोल असा चेंडू टाकत राहावे. चूक समोरच्याला करू द्यावी. दुसरी सर्व्हिस वेगाची नसली तरी भरवशाची हवी. दुहेरीत जोडीदाराबरोबर एकाच दिशेने सरकावे आणि चेंडू समोरच्याच्या पायाशी टाकावा.

रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनसह ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले. गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार योगाचा आपल्याला मोठा आधार झाला, असे त्यानेच सांगितले आहे. ही पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. चाळिशीनंतर खेळ सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर व हृदय तपासून घ्यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी आठपूर्वी खेळ आटोपावा. छातीत दडपल्यासारखे वाटल्यास ‘एवढा गेम संपवतो’ म्हणू नये. तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे.

नवी महागडी रॅकेट घेण्यासाठी पैसे काढून ठेवले असतील, तर त्यातून आधी महिनाभर चांगल्या प्रशिक्षकाची शिकवणी लावावी. आपण मुलांना शिकवणीला धाडतो, पण पंचेचाळिशीत स्वतः शिकायला लाजतो. ही लाज सोडली तर कोपरही टिकेल आणि खेळही.