गळ टाकण्याआधी दोन शब्द

कारखान्याचा पट्टा पडला, की गावची तरणी पोरं धरणाच्या पाण्यावर दिसू लागतात. कुणाच्या हाती बांबूची काठी, कुणाच्या हाती शहरातून आणलेला रिळाचा गळ. या हौसेला आमची हरकत नाही. हंगामाच्या धबडग्यानंतर चार घटका पाण्याकाठी बसावे, हे कुणाला आवडणार नाही? पण ‘परवाना काढला का?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले : ‘अहो, पाणी सरकारचं, मासे देवाचे. परवाना कशाला?’

हे उत्तर सहकारी कारखान्याच्या सभासदाला शोभत नाही, असे आम्हांला वाटते.

धरणांतील आणि तलावांतील मासेमारीचा हक्क सरकार ठेक्याने देते. पुष्कळ ठिकाणी तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत आणून पाण्यात सोडते आणि ती वाढेपर्यंत राखण करते. आपण बेणे लावतो, पाणी देतो, तोडीची वाट पाहतो, तसाच हा व्यवहार. वाटसरूने बांधावरचा एक ऊस मोडला तर आपण हसून सोडून देतो. पण रोज दहा जण येऊन मोडू लागले, तर गप्प बसू काय? भोई-कोळ्यांच्या घरची चूल त्या पाण्यावर पेटते. आपणही भागधारक, तेही भागधारक.

म्हणून पाण्यावर जाण्याआधी हे पाणी कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे. ठेका असेल तर संस्थेची परवानगी घ्यावी, पैसे भरले तर पावती घ्यावी. उलगडा न झाल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे. एका तलावाची परवानगी दुसऱ्या तलावावर चालेल, असे धरून चालू नये. कोयना, चांदोली अशा ठिकाणी जे पाणी अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येते, तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. तिथे संस्थेची पावती दाखवून भागत नाही.

परवाना मिळाला म्हणजे वाटेल तसे मासे मारावेत, असेही नाही. सुरुंगाच्या दारूने किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली. जाळी कोणती वापरावी, कोणते पाणी काही काळ बंद ठेवावे, यासंबंधी नियम करण्याचा अधिकारही त्याच कायद्याने सरकारला दिला. पुढे महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा कायदा केला. पहिल्या पुराला चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात. त्या दिवसांत पोटात गाभोळी असलेली एक मादी मारली, तर किती पिल्ले बुडाली याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि मोटारीची वायर पाण्यात सोडून मासे मारणे म्हणजे तर शुद्ध आत्मघात! त्यात मोठ्या माशाबरोबर बोटुकलीही मरते आणि कधी माणूसही.

हे सांगताना आमच्या पायाखाली काय जळते, तेही बोलले पाहिजे. गळवाल्याला परवाना विचारायचा आणि कारखान्याचे सांडपाणी ओढ्याने नदीत गेले तर डोळेझाक करायची, हा न्याय नव्हे. मळीचे पाणी नदीत मिसळले, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासा तडफडून वर येतो. शंभर गळांनी वर्षभरात होणार नाही, ते नुकसान एका रात्रीत होते. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. तो पाळला जातो की नाही, हे वार्षिक सभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. तो हक्क त्याने वापरावा.

परवान्याचा कागद लहान असतो. पण पाण्यावर दुसऱ्याचाही हक्क आहे, हे आपण मान्य केले, एवढे त्यातून दिसते. गळ टाका, आनंद घ्या. पण आधी विचारून टाका.