राखणीला बळ हवे

पांझरा साक्रीच्या डोंगरांत उगम पावते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. त्यामुळे त्या डोंगरांतील वणवा ही शिंदखेड्याचीही चिंता ठरते. वणव्यात पालापाचोळा जळतो, कोवळे फुटवे करपतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. महाराष्ट्राने 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. परंतु लावलेले रोप उन्हाळ्यात जगविणे हे अधिक कठीण व्रत आहे.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याने ते व्रत नव्वदच्या दशकापासून निष्ठेने पाळले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरविला, राखणदार नेमले. उजाड टेकड्यांवर सुमारे 445 हेक्टर वन पुन्हा उभे राहिले. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

जे वन गावाला आपले वाटते, त्याचा वणवा विझविण्यास गाव धावते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. आता शासनाने लागवडीच्या निधीतील निश्चित वाटा राखणीसाठी ग्रामसभांना द्यावा. होळीपूर्वी जाळरेषा स्वच्छ व्हाव्यात. कोणती टेकडी जळली, कोठे पुन्हा फुटवा आला, याची वर्षानुवर्षांची नोंद गावानेच ठेवावी. खानदेशाच्या पाण्याचे भवितव्य या राखणीवर अवलंबून आहे.