मारियसचा पाय आणि ‘नसते चोचले’

१/ पायांवर उमटलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या शिरा इंजेक्शनने घालवून घेणाऱ्या स्त्रीला एक ठरलेले वाक्य ऐकावे लागते : “हे आजकालचे नसते चोचले!” या वाक्यातील ‘आजकालचे’ हा शब्द इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही आणि ‘चोचले’ हा शब्द न्यायाच्या. #थ्रेड #इतिहास

२/ गायस मारियस (इ.स.पू. १५७–८६) हा सात वेळा रोमचा कॉन्सल झालेला सेनानी. जुगुर्थाविरुद्धचे युद्ध त्याने संपवले, किंब्री आणि ट्यूटन टोळ्यांना धूळ चारली. त्याच्या दोन्ही पायांवर फुगलेल्या शिरांचे जाळे होते. प्लुटार्क लिहितो की त्यांचे विद्रूप रूप मारियसला खपेना, म्हणून त्याने शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले. दिलेले कारण दिसण्याचे आहे, चालता न येण्याचे नव्हे.

३/ भुलीचे औषध तेव्हा नव्हते. रुग्णाला बांधून शस्त्र चालवीत. मारियसने बांधून घेण्यास नकार दिला, एक पाय पुढे केला आणि हूं की चूं न करता सारे सोसले. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच मात्र त्याने थांबवले : येणारा गुण या यातनांच्या मोलाचा नाही.

४/ त्या यातना कशा होत्या, याची कल्पना पहिल्या शतकातील सेल्सस देतो. फुगलेली शीर उघडी करून डागणे किंवा आकड्याने उचलून कापून काढणे, हे दोन उपाय त्याने नोंदवले आहेत.

५/ मारियसच्याच आर्पिनम गावचा दुसरा थोर पुरुष म्हणजे सिसेरो. पायांवरच्या शिरा झाकण्यासाठी तो टोगा घोट्यापर्यंत सोडत असे, असे प्लिनीचे मत क्विंटिलियनने नोंदवले आहे. क्विंटिलियनला ते पटत नाही. सिसेरोनंतरच्या पुतळ्यांतही टोगा तसाच दिसतो, असे तो म्हणतो. खरेखोटे काहीही असो, रोमन पुरुषाला अशा शिरांची लाज वाटू शकते हे त्या काळी कोणालाच अशक्य वाटत नव्हते.

६/ एका सेनानीने दिसण्यासाठी पाय कापून घेतला, तर ती धैर्यकथा होऊन दोन हजार वर्षे सांगितली जाते. तीच इच्छा बँकेत किंवा शाळेत दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या स्त्रीने व्यक्त केली, की ती नखरेल ठरते. कृती तीच, हेतू तोच. बदलले आहे ते फक्त पायाचे लिंग.

७/ एक आक्षेप रास्त आहे : मारियसच्या शिरा फुगीर, म्हणजे व्हेरिकोज होत्या. स्पायडर व्हेन्स त्वचेतच असतात, एक मिलिमीटरहूनही बारीक आणि बहुधा निरुपद्रवी. मान्य. पण मग यातनाही तितक्याच लहान झाल्या आहेत, हेही मान्य करावे लागते.

८/ सुई आणि पिचकारीचे तंत्र १८५३ च्या सुमारास प्राव्हाज आणि वुड यांच्या कामातून पुढे आले. शिरेत टोचायची सुरुवातीची द्रव्ये घातक होती. विसाव्या शतकाच्या आरंभी उपदंशावरची औषधे शिरेतून देताना ती शीरच बंद पडते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. आज वापरले जाणारे पोलिडोकॅनॉल मुळात बधिरीकरणाचे औषध. अमेरिकेत त्याला या उपचारासाठी २०१० मध्ये मान्यता मिळाली. द्रव्याने शिरेचे अस्तर दुखावते, भिंती चिकटतात, रक्त शेजारच्या निरोगी शिरांतून वाहते आणि बंद पडलेली शीर काही आठवड्यांत विरते.

९/ “आमच्या आजीच्या पायांवरही शिरा होत्या, तिने कधी तक्रार केली नाही.” हा पुरावा नव्हे. ज्या आजीला कोणी विचारले नाही, तिच्या मौनाला समाधान म्हणणे ही इतिहासलेखनातील प्राथमिक चूक आहे. मारियसचा पाय नोंदला गेला, कारण मारियसची चरित्रे लिहिली गेली. त्याच्या घरी पाणी भरणाऱ्या दासीचे पाय कसे होते, हे प्लुटार्क सांगत नाही.

१०/ आता दुसरी बाजू. “अशुद्ध रक्त साचले आहे, आजच उपचार घ्या” असे भय घालणाऱ्या जाहिराती तितक्याच निषेधार्ह आहेत. सूज, वेदना, त्वचेचा रंग बदलणे किंवा जखम न भरणे ही लक्षणे असतील, तर खोलवरच्या शिरांची तपासणी हवीच. ती नसतील, तर उपचार केवळ रूपासाठी आहे आणि तसे स्वच्छ सांगितले पाहिजे. अनेकदा एकाहून अधिक खेपा लागतात. तपकिरी डाग काही काळ राहू शकतात. नव्या शिरा पुन्हा उमटू शकतात. हे दडवून विकलेला उपचार ही फसवणूक आहे.

११/ टोमणा लाजेवर जगतो, जाहिरात भयावर. निर्णय ज्याच्या पायाचा, त्याला दोघेही विचारत नाहीत. मारियसने एक पाय पुढे केला आणि दुसरा मागे घेतला. पहिल्या वेळी त्याला कोणी छचोर म्हटले नाही, दुसऱ्या वेळी कोणी भित्रा म्हटले नाही. रोमच्या सेनानीला मिळालेली एवढी मोकळीक आजच्या स्त्रीलाही मिळावी, यात कसले आले चोचले?