तरंगणारा पाहुणा

हिवाळ्यात गडहिंग्लजहून कोकणाकडे निघालेली सहल आजरा मागे टाकून आंबोलीच्या घाटमाथ्यावर येते. ज्या हिरण्यकेशीच्या काठी गडहिंग्लज वसले आहे, तिचा उगम येथलाच. समुद्र इतका जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि घटप्रभा व कृष्णा यांच्या सोबतीने दूरच्या बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सहलीची गाडी मात्र घाट उतरते आणि सावंतवाडीवरून मालवण गाठते. पूर्वी अशा सहली सिंधुदुर्ग किल्ला पाहून, वाळूत घटकाभर खेळून माघारी फिरत. अलीकडे त्यांना आणखी एक आकर्षण लाभले आहे. किल्ल्याच्या परिसरातील उथळ पाण्यात तोंड बुडवून प्रवाळ आणि मासे पाहता येतात.

या खेळाचे साहित्य अगदी साधे असते. डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात वाकडी श्वासनळी, एवढेच. उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली पाहिले असता सारे धूसर दिसते, कारण पाण्यातून थेट डोळ्यात शिरणारे किरण पुरेसे वळत नाहीत. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवेचा थर राहतो आणि दृश्य स्पष्ट होते. शिवाय मासा आहे त्याहून सुमारे तृतीयांशाने मोठा भासतो. काठावर परतलेल्या मुलांनी सांगितलेली माशांची मापे ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी! श्वासनळी हातभरच का, अशी शंका कोणालाही येईल. नळी लांब केली तर तळाशी बसून श्वास घेता येईल, असे वाटते. पण थोडे खोल जाताच पाण्याचा दाब छातीवर असा पडतो की ती फुगतच नाही. म्हणून नळीवाल्याने पृष्ठभागावर पालथे तरंगावे आणि खाली पाहावे, हीच या खेळाची रीत होय.

खाली जे दिसते ते पुष्कळांना खडकच वाटते. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे. पॉलिप नावाचे इवलेसे जीव पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात, आणि अशा असंख्य घरांचा मिळून तो गोळा बनतो. अंगठीतले तांबडे पोवळे याच्याच दूरच्या नात्यातले, पण ते भूमध्य समुद्रातून येते. मालवणला ते शोधणाऱ्याची निराशा होईल. पॉलिपच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला वाटा यजमानाला देते. यासाठीच या प्रवाळाला उथळ, उजेडाचे पाणी लागते. गोल आकाराचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. म्हणजे घागरीएवढा गोळा हा बहुधा त्याच्याकडे पाहणाऱ्या मुलाहून वयाने मोठा असतो. सिंधुदुर्गाचे बांधकाम 1664 साली सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत तो जलदुर्ग उभा राहिला. तेवढ्या अवधीत प्रवाळाने तीन बोटांचीही मजल मारली नसती.

या गोळ्यावर एक पाय पडला की कित्येक वर्षांचे काम मोडते. हा पाय कोणाचा असतो? तो क्वचितच दुष्टाचा असतो. तो घाबरलेल्याचा असतो. ज्याला तरंगता येत नाही, त्याच्या नळीत थोडे पाणी शिरले की तो आधार शोधतो, आणि हाताशी लागेल ते पकडतो किंवा उभा राहतो. म्हणून ‘प्रवाळास हात लावू नये’ अशी पाटी लावल्याने फारसे साधत नाही. भेदरलेला माणूस पाटीकडे पाहत नाही. ज्याला पाण्यावर स्वस्थ पडून राहता येते, त्यानेच प्रवाळावर यावे, आणि इतरांनी तोवर किल्ल्याच्या तटावरूनच समुद्र पाहावा, हे बोलणे कठोर वाटले तरी न्यायाचे आहे. अंगात जॅकेट घालून आणि वाटाड्याचा हात धरून पाण्यात उतरता येते, हे खरे. पण जॅकेट बुडू देत नाही, एवढेच. ते भीती घालवीत नाही.

मग सगळ्यांनाच बंदी का करू नये, असे कोणी विचारील. 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा तेथील मच्छीमारांनी त्याला विरोध केला. रापण ओढून पोट भरणाऱ्याला आपलाच किनारा परका होईल, अशी भीती वाटली, आणि ती अकारण नव्हती. आज त्याच किनाऱ्यावरचे अनेक तरुण पाहुण्यांना पाणी दाखवून मिळवतात. प्रवाळ जगले तर आपला धंदा जगेल, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. बंदीपेक्षा त्यांचा पहारा अधिक कामाचा आहे. मात्र त्यांच्याकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त ठरते. होडीचा नांगर प्रवाळावर न टाकता ती कायम बसवलेल्या बोयाला बांधावी. आणि मासे गोळा करण्यासाठी पावाचे तुकडे टाकू नयेत. शैवाल खरवडून खाणारे मासे पावाच्या मागे लागले, तर प्रवाळावर माजणारे शैवाल कोण खाणार?

समुद्राच्या वाढत्या उष्णतेपुढे हे उपाय तोकडे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पाणी फार तापले की पॉलिप आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. 1998 साली आणि पुन्हा 2023 नंतर जगभरच्या समुद्रांत असे विरंजन झाले. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी लवकर निवले तर ते सावरते. आजाऱ्याला या दिवसांत कोणाचा पाय लागू नये, इतके तरी पाहुण्याच्या हाती आहे.

गडहिंग्लजच्या मुलांना यासाठी समुद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली विहिरीत पोहायला शिकण्याची चाल या भागात जुनी आहे. बहुतेक जण हातपाय मारायला शिकतात आणि तेथेच थांबतात. स्तब्ध तरंगणे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. पावसाळ्यात मालवणचे पाणी गढूळ व खवळलेले असते आणि हा खेळ बंद राहतो. ते निवळते मार्गशीर्षाच्या सुमारास. उन्हाळ्याच्या सुटीपासून तोवर सहा-सात महिने मिळतात, आणि स्वस्थ पालथे पडून राहायला शिकण्यास तेवढे पुष्कळ झाले.