देव्हाऱ्याचे दुकान

ज्ञान घ्यावयाचे आणि ज्ञानदात्यास विसरावयाचे, हा बलिष्ठांचा जुनाच रिवाज आहे. मेक्सिकोतील वाउतला या डोंगरी गावची मारिया साबिना रात्रीच्या अंधारात पवित्र अळंबी सेवन करून, माझातेक भाषेत मंत्रगान करीत रोग्याच्या व्याधीचे मूळ शोधी. हा विधी रोग्यासाठी होता, करमणुकीसाठी नव्हे. १९५५ साली न्यूयॉर्कचे बँक अधिकारी गॉर्डन वॉसन त्यात सहभागी झाले आणि १९५७ साली 'लाइफ' साप्ताहिकातून त्यांनी तो जगजाहीर केला. बाईचे नाव त्यांनी बदलले खरे. पण वाट झाकली राहिली नाही. १९५८ साली आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतील द्रव्य वेगळे केले, सँडोझ कंपनीने त्याच्या गोळ्या काढल्या. पाठोपाठ परदेशी हौशांच्या झुंडी आल्या. मारिया साबिनाच्या वाट्यास काय आले? पोलिसांचा जाच, गावकऱ्यांचा रोष, जळालेले घर. १९८५ साली ती दारिद्र्यातच वारली.

आज अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, २०२० च्या सार्वमताने झालेल्या कायद्यान्वये, अशी सत्रे शुल्क घेऊन रीतसर चालतात. रोग्यास गुण येत असेल तर औषध मिळालेच पाहिजे; त्यास आमचा विरोध नाही. परंतु ज्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांची संमती, त्यांचा मान आणि नफ्यातील त्यांचा वाटा यांचे काय? भाषेपासून तोडलेला विधी म्हणजे निव्वळ माल होय. आपल्याविषयीचे निर्णय आपणांस न विचारता, परक्या भाषेत होणे म्हणजे काय, हे सीमाभागातील मराठी माणसास सांगावयास नको. म्हणूनच माझातेकांचा हा प्रश्न आम्ही परका मानीत नाही.