डाव्या झाकणाआडचा बेल्ट

पहाटे साडेपाचची पुण्याची मंडई. मावशींनी स्कूटरची मूठ पुरती पिळली होती, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि मागचं चाक जागचं हलत नव्हतं. पायदानावर मेथीची गोणी, मागच्या सीटवर दोरीने आवळलेलं दुधी भोपळ्याचं पोतं, हँडलला कोथिंबिरीच्या पिशव्या. "पेट्रोल आहे, प्लग परवाच साफ केला, किक मारली की चालू होते. मग पुढे का जाईना?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत बाजूला पाटी उतरवणाऱ्या हमालदादांनी सांगून टाकलं, "बेल्ट गेला, मावशी. आता ढकला."

तिघांनी मिळून ढकलली. गाळ्यावर माल लागेपर्यंत खानावळवाले आणि मेसवाले आपली खरेदी उरकून गेले होते. पालेभाजीचा धंदा पहिल्या दोन तासांचा. नंतर मेथीने मान टाकली की मिळेल त्या भावाला द्यावी लागते. एका रबरी पट्ट्यापायी मावशींचा तो दिवस गेला.

घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यापासून मंडईतल्या छोट्या विक्रेत्यांचा दिवस तिकडेच सुरू होतो. टेम्पोत वाटा जमला नाही तर माल दुचाकीवर येतो. मंडईच्या पोटात मेट्रोचं स्थानक झालं, २०२४च्या सप्टेंबरात गाड्याही धावू लागल्या, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मेथीची गोणी मेट्रोने येत नाही. मंडईच्या १८८६ सालच्या दगडी इमारतीभोवती आजही पहाटे दहा-बारा वर्षं जुन्या बिनगिअरच्या स्कूटर ओळीने उभ्या असतात. त्यांच्या मालकांना विचारा, टायर कधी बदलला ते सांगतील, बॅटरी कधी टाकली ते सांगतील. बेल्ट? तो बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो.

मोटरसायकलची चेन सैल झाली की खडखडते, कोरडी पडली की कुरकुरते, आणि मुख्य म्हणजे दिसते. स्कूटरचा बेल्ट डाव्या बाजूच्या झाकणाआड असतो. तो झिजतो तेही मुकाट. म्हणून त्याच्याबद्दल आपण तुटल्यावरच बोलतो, आणि याच सवयीवर मला आज लिहायचं आहे.

झाकणाआड काय चालतं ते एकदा समजून घ्या. पुढे इंजिनाच्या दांड्यावर एक पुली, मागे चाकाच्या बाजूला दुसरी. दोन्ही पुल्या दोन-दोन तबकड्यांच्या, मध्ये उतरती खाच, आणि त्या खाचेत बेल्ट. गाडी हळू असते तेव्हा पुढच्या तबकड्या एकमेकींपासून लांब असतात, बेल्ट खोल बसतो. मूठ पिळली की पुढच्या पुलीतले छोटे रोलर फिरण्याच्या जोराने बाहेर सरकतात, तबकडी आत ढकलतात आणि बेल्ट काठाकडे चढतो. तेवढाच तो मागच्या पुलीत स्प्रिंगला दाबत खाली उतरतो. गिअर न टाकता गिअर बदलतो तो असा. नेदरलँड्समध्ये हुब फान डोर्न यांनी १९५८ साली याच तत्त्वावर डाफची छोटी मोटार आणली होती. आपल्याकडे ही सोय घरोघर पोचवली ती कायनेटिक होंडाने, १९८४ पासून. फिरोदियांची पुण्याची कंपनी आणि जपानची होंडा यांची ती भागीदारी; ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटन दाबलं की चालू, पायाला-हाताला गिअर नाही. माझी आई त्या गाडीवरून शाळेत शिकवायला जायची. ती गाडी अजून आमच्याकडे आहे, दर पाच वर्षांनी आरटीओत तिची नोंदणी नव्याने करून घेतो.

या सगळ्या खेळात बेल्टच्या दोन कडा सतत तबकड्यांना घासत असतात. त्यामुळे तो लांबीने नाही, रुंदीने झिजतो. रुंदी कमी झाली की तो पुढच्या पुलीत पूर्वीइतका काठापर्यंत चढत नाही, म्हणून जी गाडी सत्तरला पळायची ती साठलाच दमते. पुढे उचल घेताना गचका बसतो, चढावर आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, जळक्या रबराचा वास येतो. मावशींना हे सगळं महिनाभर जाणवत होतं. "म्हटलं जुनी झाली, दमली असंल," त्या म्हणाल्या.

मंडईतल्या गाडीचा बेल्ट लवकर जातो, आणि त्याला कारण आहे. ओझं भरपूर, वेग कमी, पावलापावलाला थांबा. दर थांब्यानंतर क्लच घसरत पकड घेतो, झाकणाआड उष्णता साठते आणि रबर कडक होत जातं. कडक रबराला दात्यांच्या मुळाशी चिरा पडतात. गाडीच्या पुस्तिकेत बेल्ट बदलायचं जे अंतर दिलेलं असतं (अनेक स्कूटरना वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास), ते एक-दोन माणसं बसणार असं धरून दिलेलं असतं. भोपळ्याचं पोतं त्यात धरलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की ओझ्याच्या गाडीने ते आकडे निम्मे धरावेत. मेकॅनिक मंडळी म्हणतात, "चालतंय तोवर चालू द्या." हे मला मान्य नाही. बेल्टची किंमत आणि मजुरी एका पारड्यात टाका, पहाटेचा बुडालेला बाजार दुसऱ्यात. शिवाय तुटताना बेल्टचे तुकडे आत गुंडाळतात, क्लचचं आणि सीलचं नुकसान करतात, तो खर्च वेगळा.

त्या दिवशी ऊन चढल्यावर मावशींची गाडी शुक्रवार पेठेतल्या एका बोळात उघडली. गॅरेजच्या पोराने टी-पान्याने डावीकडचे बोल्ट काढले, झाकण ओढलं आणि काळी भुकटी भसकन खाली सांडली. ती झिजलेल्या बेल्टचीच. तुटलेला पट्टा त्याने सुतळी ओढावी तसा बाहेर काढला. एका बाजूचे दाते सोलून निघाले होते, कडा काचेसारख्या चकाकत होत्या. रोलर हातात घेऊन त्याने मला दाखवले. गोल राहिलेच नव्हते, प्रत्येकाला एका अंगाने सपाटी आली होती. ते तसेच ठेवून नवा बेल्ट घातला असता तर गचके तसेच राहिले असते.

पुल्या त्याने कोरड्या फडक्याने पुसल्या, हात साबणाने धुतले, मगच नवा बेल्ट हातात घेतला. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावतात, ते पाहून काही जण स्कूटरच्या बेल्टलाही काहीबाही चोळतात. तसं करू नका. इथे राळ नको, तेल नको, ग्रीसचं बोटसुद्धा नको.

पुढचं काम मी श्वास रोखून पाहिलं, कारण चूक होते ती इथेच. त्याने आधी मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून बेल्ट त्यांच्यात खोल दाबला. त्यामुळे पुढे बेल्ट सैल पडला. मग पुढची तबकडी बसवून नट आवळला. ही सैल जागा न ठेवता नट आवळला तर बेल्ट तबकडीखाली चिमटीत सापडतो. नट हाताला घट्ट लागतो, पण तबकडी जागेवर बसलेलीच नसते. बेल्ट थोडा चालला की नट ढिला होतो आणि दांड्याच्या खाचा जातात. दोनशे रुपये वाचवायला गेलेल्या माणसाला मग दांडाच बदलावा लागतो. नट आवळल्यावर पोराने मागची पुली हाताने फिरवून बेल्ट वर येऊ दिला, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हळूहळू मूठ दिली आणि कान लावून ऐकलं.

बेल्ट मी नाना पेठेतल्या दुकानातून आणला होता. तिथे जाताना जुना बेल्ट बरोबर न्यावाच, तुकडा असला तरी. पाठीवरचा नंबर जुळवावा, रुंदी शेजारी धरून बघावी. दिसायला सारखा आणि दोन मिलिमीटर अरुंद असा बेल्ट नवा असूनही झिजलेल्यासारखाच वागतो. वर्षानुवर्षं खिळ्याला लटकून घडी पडलेला माल घेऊ नये. रबर दुकानातही म्हातारं होतं.

आणि झाकण आपल्यासमोर उघडायला सांगावं. आईच्या कायनेटिकचा बेल्ट बदलल्याचं बिल मी एका गॅरेजला एकदा निमूट दिलं होतं. चार महिन्यांनी दुसरीकडे उघडली तेव्हा आत चिरा पडलेला जुनाच बेल्ट फिरत होता. तेव्हापासून मी दहा मिनिटं उभी राहते आणि जुना बेल्ट मागून घेते. यात मेकॅनिकवर अविश्वास नाही. हातात कसब असलेल्या माणसाला कुणी आपलं काम बघतंय याचं बरंच वाटतं. मावशींच्या गाडीवर काम करणारा तो पोरगा प्रत्येक भाग काढताना आपणहून वर धरून दाखवत होता.

झाकण लावायच्या आधी त्याने आतली बाजू पुसली आणि पांढऱ्या मार्करने तारीख लिहिली. मग मीटरकडे बघून थबकला. काटा कित्येक वर्षांपासून एका जागी होता.

"मावशी, किलोमीटर काय लिहू?"

मावशींनी क्षणभर विचार केला. "दिवाळीत उघड परत. तेव्हा धंदा झालेला असतो, पैसे असतात."

त्याने तारखेखाली 'दिवाळी' असं लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि झाकण बसवलं.