स्वस्त फोनाचे पहिले धनी

शाळेचें नवें वर्ष सुरू झालें कीं पालक मंडळी प्रवेशाचें काम आटोपून जातां जातां एक प्रश्न हटकून विचारतात : "सर, पोराला स्वस्तांतला कोणता फोन घेऊन द्यावा ?" प्रश्न साधा दिसतो, परंतु विचारणाऱ्याच्या मनांत सोयाबीनची पट्टी, दवाखान्याचें देणें आणि मुलीच्या वसतिगृहाचा खर्च हीं सर्व एका ओळींत उभीं असतात, हें ज्यानें खेड्यांतील संसार जवळून पाहिला आहे त्यास सांगावयास नको. अशा गृहस्थास "दोन हजारांचा घ्या" किंवा "दहा हजारांचा घ्या" एवढेंच सांगून भागत नाहीं. स्वस्त फोन स्वस्त कां असतो, त्याच्या पहिल्या धन्यांस काय अनुभव आले, आणि त्या अनुभवांत दोष कोणाचा होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. माझें मत असें आहे कीं, दोष फोनाचा थोडा होता. त्या फोनाकडे न पाहतां आपले व्यवहार रचणाऱ्यांचा अधिक होता.

विद्यार्थ्यांसाठीं प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. फोन म्हणजे केवळ कांच, धातु आणि बॅटरी नव्हे. मोठ्या वाड्यांत जसा एक कारभारी असतो, आणि कोणास कोठें बसवावें, कोणास किती धान्य मोजून द्यावें हें तोच ठरवितो, तसा प्रत्येक स्मार्टफोनाच्या आंत एक कारभारी असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आज जगांतील बहुतेक सारे स्मार्टफोन दोनच कारभाऱ्यांच्या हाताखालीं आहेत : गूगलचा अँड्रॉइड आणि ॲपलचा आयओएस. पहिला अनेक कंपन्यांच्या फोनांत चालतो. दुसरा केवळ ॲपलच्याच महागड्या फोनांत. कारभारी जितका थाटाचा तितकी त्यास जागा अधिक लागते. जागा म्हणजे येथें मेमरी, आणि मेमरीला पैसे पडतात. तेव्हां ज्यास फारच स्वस्त फोन करावयाचा आहे त्यानें एकतर तोच कारभारी अपुऱ्या जागेंत कोंबावा, नाहींतर थोडक्यांत भागविणारा तिसरा शोधावा.

असा तिसरा कारभारी भारतांत इ. स. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यांत आला. त्याचें नांव फायरफॉक्स ओएस. अमेरिकेंतील मोझिला या, नफ्यासाठीं न चालणाऱ्या संस्थेनें २०११ सालीं तो तयार करावयास घेतला, आणि २०१३ मध्यें स्पेनपासून आरंभ करून तसले फोन विक्रीस येऊं लागले. आपल्याकडे इंटेक्स कंपनीनें 'क्लाउड एफएक्स' हा फोन १९९९ रुपयांस काढला, व स्पाइस कंपनीनें 'फायर वन' २२९९ रुपयांस. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगलनें मोठा गाजावाजा करून 'अँड्रॉइड वन' फोन आणले, त्यांची किंमत ६३९९ रुपयांच्या घरांत होती. म्हणजे त्या एका फोनाच्या पैशांत इंटेक्सचे तीन येत होते !

पहिल्या धन्यांचा आनंद मात्र फार दिवस टिकला नाहीं. क्लाउड एफएक्सची मेमरी १२८ एमबी. अँड्रॉइड वनची तिच्या आठपट. पडदा साडेतीन इंचांचा, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा आणि त्याला फ्लॅश नाहीं, इंटरनेट टूजीच्या गतीनें. फोन लावणें, संदेश पाठविणें, थोडेंबहुत वाचणें हें होत असे. परंतु बोट लावल्यावर पडदा हलावयास वेळ घेई, आणि एक काम चालू असतां दुसरें सांगितलें कीं पहिलें हातचें सुटे. त्यावरील ॲपें म्हणजे वस्तुतः वेबपानेंच असल्यामुळें मंद इंटरनेटचा ताप त्यांस दुप्पट होई. या सर्वांहून मोठी तक्रार एकच होती : व्हॉट्सॲप कोठें आहे ? त्या कंपनीनें फायरफॉक्स ओएससाठीं आपलें ॲप केलेंच नव्हतें. ज्यांस तें हवें असे त्यांस तिऱ्हाइतानें केलेल्या 'कनेक्टएटू' नांवाच्या आडवाटेनें जावें लागे. पुढें डिसेंबर २०१५ मध्यें मोझिलानेंच असले फोन विकणें थांबविण्याचें जाहीर केलें, आणि घेतलेल्यांच्या हातीं निराधार यंत्र उरलें.

ह्यावरून पुष्कळांनीं निष्कर्ष काढला कीं स्वस्त तें टाकाऊ. मला तो घाईचा वाटतो. एखाद्या गांवीं नवा आठवडी बाजार भरवावयाचा असला म्हणजे काय होतें तें आठवा. गिऱ्हाईक नाहीं म्हणून दुकानदार पाल ठोकीत नाहीं, आणि पालें नाहींत म्हणून गिऱ्हाईक जुन्याच बाजारास जातें. नव्या बाजाराची जागा चांगली कीं वाईट हा प्रश्न तेथें निघतच नाहीं. फायरफॉक्स ओएसचें बव्हंशीं असेंच झालें. मेमरी तोकडी होती हें खरें. पण व्हॉट्सॲप जर पहिल्या दिवसापासून त्यावर असतें, तर थोड्या मंदपणाबद्दल गरीब मनुष्यानें कुरकूर केली नसती. तो बैलगाडीनें प्रवास करीत आला आहे. त्याला गति कमी चालते, पण वाटेंत उतरवून दिलेलें चालत नाहीं.

हा अडसर फोडण्यास पैसा आणि दांडगाई लागते. ती दुसऱ्या एकानें दाखविली. फायरफॉक्स ओएसची घडण कोणासही पाहतां व वापरतां येईल अशी खुली ठेवलेली होती. तीवरूनच कायओएस नांवाचा नवा कारभारी तयार झाला. २१ जुलै २०१७ रोजीं रिलायन्सच्या वार्षिक सभेंत श्री. मुकेश अंबानी यांनीं त्यावर चालणारा 'जिओफोन' जाहीर केला. बटनांचा फोन, २.४ इंचांचा पडदा, ५१२ एमबी मेमरी, पण इंटरनेट फोरजीचें. किंमत म्हणून कांहीं नाहीं. १५०० रुपये अनामत, पैकीं ५०० नोंदणीच्या वेळीं व १००० फोन हातीं पडतांना, आणि तीन वर्षांनीं फोन परत केल्यास अनामत परत. २४ ऑगस्टला नोंदणी सुरू झाली, व मागणी इतकी उसळली कीं साठ लाखांच्या आसपास नोंदणी झाल्यावर ती थांबवावी लागली.

आमच्या देऊळगांव राजाच्या पंचक्रोशींत हा फोन कोणत्या हातांत गेला हें मीं पाहिलें आहे. ज्यांच्या घरीं त्यापूर्वीं इंटरनेट आलेंच नव्हतें त्यांच्या हातांत तो गेला. कापूस वेंचणाऱ्या बाया, जालन्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे कामगार, ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें यांनीं त्याची जी स्तुति केली ती वर्तमानपत्रांतील परीक्षणांत मला आढळली नाहीं. बॅटरी दोन दिवस पुरते, तिचें झांकण उघडून ती बदलतां येते, विजेरी आहे, रेडिओ आहे, पडला तर फुटत नाहीं. शहरांतील परीक्षक कॅमेऱ्यास नांवें ठेवीत होता, तेव्हां येथील शेतकरी रात्रीं मोटर सुरू करावयास जातांना त्याच फोनाच्या उजेडांत साप-विंचू पाहून पाऊल टाकीत होता. आणि महिन्यास १५३ रुपयांत मुक्त बोलणें ! वसतिगृहांतील मुलीशीं आई आतां मिनिटें न मोजतां बोलूं लागली. हा लाभ लहान नव्हे.

तक्रारीही होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. जिओखेरीज दुसरें सिमकार्ड त्यांत चालत नसे. ज्या वस्तीवर त्या कंपनीचा टॉवर पोंचत नसे तेथें तो फोन म्हणजे केवळ विजेरी. अनामतीच्या अटींचा कागद ज्यांनीं सावकाश वाचला त्यांस कळलें कीं दरसाल किमान १५०० रुपयांचें रिचार्ज करणेंही त्या अटींत आहे. (कागद सावकाश वाचणारे फार थोडे, येथें शाळेच्या शिक्षणाचा उपयोग व्हावयास हवा होता.) बटनांवर मराठी लिहिणें हा तर तपश्चर्येचा विषय. एकेका अक्षरासाठीं तेंच बटन तीन-चार वेळां दाबावयाचें, मग जोडाक्षर साधावयाचें. 'ज्ञानेश्वर' हें नांव लिहून होईपर्यंत बोलावयाचें तें विसरून जावें. आणि पुन्हां तीच जुनी तक्रार : व्हॉट्सॲप नाहीं. तें जिओफोनावर सप्टेंबर २०१८ मध्यें आलें, म्हणजे नोंदणीनंतर एक वर्षानें. परंतु ह्या वेळीं तें आलें, आणि कां आलें तें ध्यानांत घ्या. यंत्रांत कांहीं विशेष सुधारणा झाली म्हणून नव्हे. एवढ्या लोकांकडे पाठ फिरविणें कोणत्याही दुकानदारास परवडण्यासारखें नव्हतें म्हणून.

या फोनाची कठोर परीक्षा बाजारानें घेतली नाहीं, ती शाळेनें घेतली. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या; जूनपासून राज्यांत 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हा उपक्रम चालू झाला. अभ्यासाचे दुवे व्हॉट्सॲपवरून येऊं लागले. शासनाचें 'दीक्षा' ॲप अँड्रॉइडसाठीं होतें. झूमचें ॲप कायओएसवर नव्हतें. फळ्याचें छायाचित्र येई, पण २.४ इंचांच्या पडद्यावर बीजगणिताचीं अक्षरें मुंग्यांसारखीं दिसत. शिवाय फोन दिवसभर बापाबरोबर शेतांत. मुलांच्या हातीं तो दिवेलागणीनंतर. एका बाजूस हजेरीपत्रकांत "ऑनलाइन अनुपस्थित" असा शेरा, आणि दुसऱ्या बाजूस दीड वर्षापूर्वीं पोटास चिमटा घेऊन आणलेला, उत्तम चालणारा फोन ! नववींतील एका मुलीनें मैत्रिणीस विनंती केली कीं उदाहरणांचें छायाचित्र न पाठवितां तीं टंकून पाठव. मैत्रीण रोज पाठवी व ही वहींत उतरवून सोडवी. एक शिक्षिका सायंकाळीं सात वाजतां साधा फोन लावून चार-पांच मुलांस इंग्रजीचा धडा वाचून दाखवीत. दोन्ही उपाय त्याच फोनावर चालले. पडदा लहानच होता, परंतु समोरच्यानें विचार करतांच तो पुरेसा झाला.

ह्यावर एक आक्षेप मला नेहमीं ऐकावयास मिळतो, व तो अगदींच पोकळ नाहीं. "एवढा खटाटोप कशास ? चार-पांच हजारांत दुसऱ्यानें वापरलेला अँड्रॉइड मिळतो, तोच घ्यावा." ज्यास शक्य आहे त्यानें अवश्य घ्यावा. तिसऱ्या कारभाऱ्याचा अभिमान धरावा असें मी म्हणत नाहीं. खुद्द त्या कंपनीनें २०२१ च्या दिवाळींत ६४९९ रुपयांचा 'जिओफोन नेक्स्ट' काढला, तेव्हां त्यांतील 'प्रगति ओएस' ही अँड्रॉइडचीच एक आवृत्ति होती. पण जुन्या अँड्रॉइडचाही जन्म मर्यादित असतो. त्याचा कारभारी जुना झाला कीं नवीं ॲपें एकामागून एक "येथें चालणार नाहीं" म्हणूं लागतात, आणि दोन वर्षांनीं तेंच कुटुंब पुन्हां दुकानाच्या पायरीवर उभें राहतें. तेव्हां प्रश्न अँड्रॉइड कीं कायओएस असा नसून, एका चालत्या फोनाला निकामी ठरविण्याचा अधिकार कोणास, हा आहे.

तो अधिकार धन्याच्या हातीं नाहीं, हें पुढें स्पष्टच झालें. जून २०२४ मध्यें कायओएसच्या ॲप-दुकानांतून व्हॉट्सॲप काढून घेण्यांत आलें, व ज्यांच्या फोनांत तें आधींच होतें त्यांस २०२५ च्या आरंभापर्यंतची मुदत देण्यांत आली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें दहा कोटींहून अधिक लोकांनीं जो फोन घेतला, त्यांतील जे आजही शाबूत आहेत ते बोलतात, उजेड देतात, गाणीं ऐकवितात. परंतु शाळेची सूचना त्यांवर पोंचत नाहीं. पोंचत नाहीं ती केवळ अशाकरितां, कीं ती एकाच वाटेनें पाठविण्याचा प्रघात आपण पाडला आहे.

व्हॉट्सॲपच्या मालकांस देऊळगांव राजाहून पत्र लिहून कांहीं होणार नाहीं. पण आपली सूचना कोणत्या वाटेनें जावी हें ठरविणें आपल्या हातचें आहे. माझी शिक्षक बंधुभगिनींस विनंती आहे कीं परीक्षेचें वेळापत्रक, सुटीची सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख हीं साध्या एसएमएसनेंही पाठवावींत व शाळेच्या फळ्यावरही लिहावींत. छायाचित्र काढून पाठविण्यास एक क्षण लागतो, टंकून पाठविण्यास दहा मिनिटें. तीं दहा मिनिटें आपण खर्चावींत. गृहपाठ असा असावा कीं तो वहींत लिहून दुसऱ्या दिवशीं वर्गांत दाखवितां येईल. आणि पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, फोन स्वस्त असो वा महाग, दुकानदारानें पैसे मागितले कीं त्यास म्हणावें : माझ्या मुलाचें जें काम आहे तें ह्या फोनावर आतां, माझ्या डोळ्यांदेखत, करून दाखवा, आणि ह्या फोनाचा कारभारी किती वर्षें नवा होत राहणार आहे, तें पावतीच्या मागें लिहून द्या. बहुतेक दुकानदार पहिलें आनंदानें करतील. दुसरें लिहून देणारा भेटलाच, तर तें दुकान कोठें आहे तें मलाही कळवावें.